जुन्या मारुती ८०० चे व्हॉल्व्ह: आधी मोजायचं, मग हेड उघडायचं

"टॅपेट वाजतायत, व्हॉल्व्हचं काम निघालंय." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची दांडी दाबून तो उघडणारा भाग. जुनी ८०० घेतलेल्या माणसाला हे वाक्य गॅरेजमध्ये कधी ना कधी ऐकायला मिळतंच. बहुतेक वेळा ते बॉनेट उघडल्यावर अर्ध्या मिनिटात म्हटलेलं असतं. त्यानंतर हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) उतरतं, लेथवाल्याकडे जातं, नवे व्हॉल्व्ह बसतात, चांगलं बिल होतं, आणि गाडी घरी आल्यावर मिसिंग (इंजिनाचं अडखळणं) तसंच असतं. कारण दोष डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या, टोपीत होता.

माझा आग्रह एवढाच, की मोजल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावायचा नाही. आणि एक समज आधीच सुधारून घ्या. वाजणारा टॅपेट कानाला त्रास देतो, पण गाडीचं फार नुकसान करत नाही. व्हॉल्व्ह जळतो तो गप्प झालेल्या टॅपेटमुळे. हे का, ते पुढे सविस्तर येईल.

उदाहरणाला मी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० घेतो आहे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हातात गेली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, तरी तालुक्याच्या गावात आजही हिचे भाग मिळतात आणि हिच्यावर हात बसलेला मेस्त्रीही मिळतो. शिकायला याहून सोपं इंजिन शोधून सापडणार नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, प्रत्येकाला दोनच व्हॉल्व्ह, वर एक कॅमशाफ्ट आणि ती फिरवणारा टायमिंग बेल्ट. ओम्नीचं इंजिनही हेच. तुमची ८०० २००० नंतरची, पाच गिअरची असेल, तर आत १२ व्हॉल्व्हचं वेगळं इंजिन असू शकतं, ते आधी बघून घ्या. पद्मिनी किंवा जुनी ॲम्बेसिडर असेल तर कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि मध्ये पुशरॉड, पण तपासण्याची रीत तीच.

व्हॉल्व्ह बिघडतो म्हणजे काय होतं

इनटेक व्हॉल्व्ह हवा-पेट्रोल आत घेतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला गॅस बाहेर सोडतो. इनटेकला दर फेरीला थंड हवेचा झोत मिळतो. एक्झॉस्टच्या नशिबी आगच असते. गाडी जोरात चालवली की त्याच्या डोक्याचं तापमान ७०० अंशांच्या वर जातं. एवढी उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः सीटमधून, म्हणजे हेडमधल्या ज्या कडीवर व्हॉल्व्ह टेकतो तिच्यातून. व्हॉल्व्ह बंद होऊन सीटला घट्ट टेकला, की उष्णता सीटमध्ये, तिथून हेडमध्ये आणि हेडमधून कूलंटमध्ये उतरते. थोडीफार दांडीवरून गाइडमध्ये (दांडी जिच्यात सरकते त्या नळीत) जाते.

आता टॅपेटच्या गॅपचं काम लक्षात घ्या. रॉकरचा (कॅमच्या जोराने व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक यांत थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर दांडी लांबते. ही फट संपली, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. सीटला टेकत नाही म्हणून उष्णता जायला वाट राहत नाही, आणि उरलेल्या बारीक फटीतून पेटलेला गॅस कटिंग टॉर्चसारखा सुटतो. कडेला आधी एक खाच पडते, मग तिथून तुकडा उडतो. हाच जळलेला व्हॉल्व्ह.

एक्झॉस्टचा गॅप आपोआप कमी होत जातो, कारण व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू बसत जातो आणि त्याची दांडी तेवढी वर येते. एलपीजी किंवा सीएनजी किट असलेल्या गाडीत हे जास्त वेगाने होतं. हे इंधन कोरडं असतं, आणि मिश्रण पातळ राहिलं तर ज्वलन अधिक गरमही होतं. किट लावलेली जुनी गाडी घेतली असेल आणि इंजिन अगदी शांत वाजत असेल, तर खूश होण्याआधी गॅप तपासा. पेट्रोलवरच्या गाडीचे टॅपेट दर १०,००० किलोमीटरला बघितले तरी चालतं. गॅसच्या गाडीला मी त्याच्या निम्मं अंतर धरतो.

पहिली पायरी: ऐका आणि बघा

या पायरीला पैसे लागत नाहीत, फक्त घाई करायची नाही.

थंड इंजिन सुरू करा आणि टॅपेट कव्हरजवळ कान द्या. टॅपेटची टिकटिक क्रँकच्या निम्म्या वेगाने येते. आयडलिंगला ९०० आरपीएम असतील तर एक सैल टॅपेट सेकंदाला सात-आठ वेळा वाजेल. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक कव्हरवर ठेवलं, की कुठल्या सिलिंडरवर आवाज मोठा आहे ते कळतं. अर्थात फिरत्या बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब राहून. खालून, जड, एक्सलरेटर दिल्यावर वाढणारी ठकठक आली तर ती टॅपेटची नव्हे, बेअरिंगची. अशी गाडी तिथेच बंद करा.

धूर बघायचा तो रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना. पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन दोन मिनिटांत थांबला, तर व्हॉल्व्ह सील (दांडीवरून तेल आत जाऊ न देणारी रबरं) कडक झालेत असं समजा. रात्रभर तेल गाइडमधून ठिबकून आत साठतं आणि सकाळी जळतं. दुसरी खूण घाटात मिळते. पाय उचलून गिअरमध्ये खंबाटकी उतरलात आणि पायथ्याला एक्सलरेटर दिल्याबरोबर मागे निळा लोट निघाला, तरी बोट सील-गाइडकडेच जातं. उतारावर इनटेकमध्ये जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो आणि तो गाइडमधून तेल ओढतो. याउलट चढावर, लोडवर, सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांचा संशय घ्या.

मग कागदाची चाचणी. वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा घ्या आणि आयडलिंगला सायलेन्सरच्या तोंडापासून दोन बोटं अंतरावर धरा. निरोगी इंजिन कागद एकसारखा बाहेर ढकलतं, फडफडण्याला एक ताल असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला असेल तर तालातला एक ठोका चुकतो आणि त्या क्षणी कागद पाइपकडे ओढला जातो, कधीकधी तोंडाला चिकटतो. कारण इनटेक स्ट्रोकला तो सिलिंडर जळक्या व्हॉल्व्हमधून उलट सायलेन्सरमधलीच हवा ओढत असतो. फुटक्या सायलेन्सरवर ही चाचणी फसते, तेव्हा आधी सायलेन्सर तपासा.

कार्ब्युरेटरमधून फट-फट उलटे झटके येत असतील तर इनटेककडे लक्ष द्या. आयडलिंगला मिसिंग आणि वेग वाढवला की बरं, हीसुद्धा गळक्या व्हॉल्व्हची जुनी खूण आहे. वेग वाढला की गळायला वेळ कमी मिळतो.

दुसरी पायरी: व्हॉल्व्हवर आरोप करण्याआधी

प्लग काढून बघा, साफ करा, गॅप लावा. वायरी अंधारात बघा, ठिणग्या उडताना दिसतात. डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून पुसा आणि तडा आहे का बघा. पावसाळ्यात अर्धी मिसिंगं इथेच सापडतात. इनटेकला जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या हाताने वाकवून बघा, रबर चिरलं असेल तर बदला.

कुठला सिलिंडर कमी काम करतो ते शोधायला एकेका प्लगची वायर काढून बघतात. ज्याची वायर काढल्यावर इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. वायर काढताना रबरी मुठीची पक्कड वापरा आणि काढलेली वायर जादा प्लग लावून बॉडीला टेकवून ठेवा. मोकळी सोडली तर इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल जाऊ शकतं, झटका बसतो तो वेगळा.

तिसरी पायरी: कॉम्प्रेशन

स्वतःचा कॉम्प्रेशन गेज घ्या. नळी आणि आटे असलेला, प्लगच्या जागी फिरवून बसणारा. हाताने दाबून धरायचा रबरी बोळ्याचा गेज नवशिक्याला चुकीचे आकडे देतो.

इंजिन चालवून गरम करा, बंद करा. तिन्ही प्लग काढा. कॉइलची वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. बॅटरी भरलेली हवी. एक माणूस गाडीत बसवून एक्सलरेटर पूर्ण दाबायला सांगा, चोक उघडा असू दे, म्हणजे ओढलेला नको. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरवर पाच-सहा धक्के द्या आणि आकडा वहीत लिहा. पहिल्याच धक्क्याला काटा किती चढला तेही लिहा.

निरोगी इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआय दिसायला हवेत. पण एकट्या आकड्यापेक्षा तिघांमधला फरक जास्त बोलतो. गेज थोडा कमी-जास्त दाखवत असेल, पण तो तिघांनाही तेवढंच कमी-जास्त दाखवतो. फरक १५ पीएसआयच्या आत असेल तर व्हॉल्व्हचा विषय जवळजवळ संपला. १६०, १५५, ९० असं आलं तर तिसऱ्याकडे जा.

आता त्या कमी सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून एक छोटा चमचा इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगा झिजल्यात, तेलाने त्या तात्पुरत्या सील केल्या. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग). शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर एकदम पडलेले असतील तर मधल्या गॅस्केटचा संशय आधी घ्या. तिन्ही कमी आणि तेलाने तिन्ही वर, तर हाफ इंजिनची (पिस्टन-रिंगांच्या कामाची) तयारी ठेवा. अशा इंजिनावर फक्त हेडचं काम करू नका. वरचं सील घट्ट झालं की थकलेल्या रिंगांवरून तेल आणखी वर येतं आणि माणूस म्हणतो, काम केल्यापासून गाडी तेल प्यायला लागली.

चौथी पायरी: हवा सोडून ऐका

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी. नवशिक्याला शंकाच उरत नाही. आजारी सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी, अगदी वर आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील. गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. प्लगच्या जागी बसणारा अडॅप्टर लावून कॉम्प्रेसरची हवा सोडा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो. ५०-६० पीएसआय पुरेत, एकदम जोरात सोडू नका, पिस्टन थोडा जरी खाली असेल तर इंजिन झटक्याने फिरतं. हात पुलीपासून लांब.

मग फिस्स् कुठून येतं ते ऐका. कार्ब्युरेटरच्या तोंडातून आलं तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट. तेल भरायच्या झाकणातून आलं तर रिंगा, आणि थोडं तर तिथून नेहमीच येतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच काढायचं, हे सांगायला नको.

व्हॅक्यूम गेज असेल तर तोही जोडा. ठरावीक अंतराने काटा दर वेळी तेवढाच खाली झुकत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह गळतो आहे. मुंबईत, समुद्रसपाटीला, निरोगी इंजिनात १७ ते २२ इंच दिसतात. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा होतो. म्हणून पुण्यात दोन इंच आणि महाबळेश्वरला चारेक इंच कमी दिसले तर घाबरू नका.

पाचवी पायरी: टॅपेट सेटिंग

हेड उघडायच्या निर्णयाआधी हे करायचंच. कमी कॉम्प्रेशनच्या सिलिंडरचा टॅपेट टाइट निघाला, तर गॅप लावून पुन्हा मोजा. व्हॉल्व्ह अजून जळलेला नसेल तर कॉम्प्रेशन परत येतं आणि काम तिथेच संपतं.

सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर करा. प्लग काढा, इंजिन हाताने फिरवायला हलकं होतं. टॅपेट कव्हर काढा. कार्ब्युरेटरच्या बाजूच्या रांगेतले तीन इनटेक, सायलेन्सर पाइपच्या बाजूचे तीन एक्झॉस्ट. इंजिन क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी (सॉकेट पाना) लावून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, किंवा चौथा गिअर टाकून गाडी इंच-इंच पुढे ढकला. उलटं फिरवू नका.

पुलीवरच्या खुणा गंजून गेलेल्या असतात, म्हणून ही रीत लक्षात ठेवा. एका सिलिंडरचे दोन्ही रॉकर बघत इंजिन फिरवा. एक्झॉस्टचा रॉकर वर येऊन मिटत असतो आणि त्याच क्षणी इनटेकचा दबायला लागतो. तिथे थांबा. आता क्रँक बरोबर एक पूर्ण फेरा फिरवा. त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह आता पूर्ण बंद आहेत, दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात. याचे दोन्ही गॅप घ्या, मग पुढचा सिलिंडर. चार स्ट्रोकच्या कुठल्याही इंजिनाला हीच रीत चालते.

कार्ब्युरेटरवाल्या ८०० ला थंड इंजिनावर ०.१३ ते ०.१८ मिमी आणि गरमवर ०.२३ ते ०.२८ मिमी. गॅरेजच्या भाषेत थंडला सहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. नवशिक्याने थंडवरच करावं. गरम इंजिनावर हात भाजतात आणि काम होईपर्यंत ते निम्मं थंड झालेलं असतं.

काहीही सैल करण्याआधी सहाही गॅप जसे आहेत तसे मोजून लिहून ठेवा. ही सहा आकड्यांची नोंद फार मोलाची आहे. लॉकनट सोडला की ती माहिती कायमची जाते, आणि बहुतेक गॅरेजमध्ये नेमकं तेच होतं.

फिलर गेजची (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या जुडग्यातली) ०.१५ ची पाती स्क्रू आणि दांडीच्या मध्ये सरकवा. ती अडखळत नाही पण मोकळीही जात नाही, किंचित ओढ लागते, असं हवं. खात्रीसाठी पुढची पाती लावून बघा: ०.१५ जाते आणि ०.२० जात नाही, म्हणजे बरोबर. स्क्रू धरून लॉकनट आवळताना गॅप हमखास बदलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. जुन्या गाडीत आणखी एक फसवणूक असते. स्क्रूच्या तोंडाला झिजून वाटीसारखा खळगा पडलेला असतो. पाती त्या खळग्याच्या कडांवर टेकते, तुम्ही समजता गॅप सहा थाऊ, प्रत्यक्षात आत दहा असतो. गॅप बरोबर लावूनही टिकटिक जात नसेल तर तो स्क्रू उलटा करून उजेडात बघा. खळगा असेल तर स्क्रू बदला.

कव्हरचं रबर पॅकिंग कडक झालं असेल तर नवं लावा आणि बोल्ट बेतानेच आवळा.

सहावी पायरी: हेड उतरवणं

इथपर्यंतचे आकडे हेडकडेच बोट दाखवत असतील तरच पुढे जा. पहिल्यांदा करताना जाणता माणूस शेजारी हवा आणि टॉर्क रेंच हातात हवा. टॉर्क रेंच नसेल तर हे काम सुरू करू नका.

इंजिन पूर्ण थंड. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना सोडलं तर वाकतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, म्हणजे रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखाही अचानक सुरू होणार नाही. कूलंट काढा. पहिला सिलिंडर वर आणून टायमिंगच्या खुणा जुळवा, मोबाइलवर फोटो काढा, बेल्ट आणि दोन्ही पुल्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके द्या. प्रत्येक नळीला चिकटपट्टीवर नंबर. हेडचे बोल्ट एकदम सोडायचे नाहीत. कडेच्यांपासून सुरुवात करून आडवे-तिरपे, दोन-तीन टप्प्यांत सैल करत मध्ये यायचं. हेड चिकटलं असेल तर लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोका, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. त्या एका ओरखड्यातून पुढे गॅस्केट गळतं.

एका पुठ्ठ्याला सहा भोकं पाडा, नंबर घाला, आणि निघालेला प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या भोकात ठेवा. जुने व्हॉल्व्ह परत वापरायचे असतील तर ते आपापल्या जागीच जायला हवेत. स्प्रिंग दाबून कॉटर (स्प्रिंगला दांडीवर धरून ठेवणाऱ्या बारीक पाचरी) काढताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि वर फडकं धरलेलं हवं. कॉटर गोळीसारखे उडतात आणि मातीत गेले तर सापडत नाहीत.

सातवी पायरी: काय ठेवायचं, काय टाकायचं

व्हॉल्व्ह उजेडात फिरवून बघा. एक्झॉस्टचं डोकं सगळीकडे एकसारखं करड्या-तपकिरी रंगाचं असावं. एका बाजूला पांढुरकी चमकदार पट्टी दिसली तर तिथून गॅस जात होता. कडेला खाच असेल तर व्हॉल्व्ह टाका, घासून तो बरा होत नाही. डोक्याची कड धारदार झाली असेल, म्हणजे जाडी एक मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तरी मी ठेवत नाही. पातळ कड पटकन तापते आणि पुन्हा जळते. दांडी काचेवर लोळवा, डोकं डगमगलं तर वाकलेली आहे.

व्हॉल्व्ह गाइडमध्ये थोडा वर धरून डावी-उजवीकडे हलवा. स्पष्ट खडखड लागली तर गाइड गेलं. गाइड बदलणं आणि रीमर मारणं लेथवाल्याचं काम, घरी करू नका. नवं गाइड बसवल्यावर सीट पुन्हा कापावीच लागते, कारण मध्य बदललेला असतो. लेथवाल्याला एकच गोष्ट स्पष्ट सांगा: सीट लागेल तेवढीच काप. जास्त कापली की व्हॉल्व्ह आत बुडतो, दांडी वर येते, स्प्रिंग ढिली पडते आणि गॅप लावायला जागा उरत नाही.

हेडच्या तळाला सरळ पट्टी लावून उभी, आडवी, तिरपी तपासा. पट्टीखाली ०.०५ ची पाती शिरली तर हेड फेसिंगला (तळ सपाट करायला) द्या.

आठवी पायरी: लॅपिंग

सीट आणि व्हॉल्व्ह चांगले असतील, नुसते काळवंडलेले असतील, तर हाताने घासून काम होतं. व्हॉल्व्हच्या तिरक्या कडेवर ग्राइंडिंग पेस्टचे तीन-चार छोटे ठिपके द्या. दांडीला तेल, पेस्ट दांडीवर अजिबात जाऊ द्यायची नाही. रबरी कपाची काठी डोक्यावर चिकटवा आणि दोन्ही तळव्यांमध्ये रवी फिरवतात तशी पुढे-मागे फिरवा. दर काही फेऱ्यांनी उचला, पाव फेरा वळवून पुन्हा टेकवा. सुरुवातीला खर्र-खर्र लागतं, मग आवाज मऊ होतो. तो मऊ झाला की पेस्ट संपली. पुसा आणि बघा. ड्रिल मशीन लावून फिरवणारे असतात. त्याने सीटवर गोल चरे पडतात, तसं करू नका.

हवी आहे ती एकसारखी, करडी, बिनचमकीची पट्टी. कुठेही तुटलेली नको, रुंदी १.३ ते १.५ मिमी, आणि व्हॉल्व्हच्या तिरक्या कडेच्या साधारण मध्यावर. खूप घासून खोल खाचा काढायचा प्रयत्न केला तर पट्टी रुंद होते आणि व्हॉल्व्हवर पायरी पडते. तेवढी खाच असेल तर तो लेथचा माल आहे.

पट्टी दिसते म्हणजे सील झालं असं नाही, म्हणून पेन्सिलची परीक्षा घ्या. व्हॉल्व्हची कड स्वच्छ पुसून तिच्यावर मऊ पेन्सिलीने दोन-तीन मिलिमीटरवर आडव्या रेघा ओढा, पूर्ण गोल. व्हॉल्व्ह सीटवर टेकवून दाबून फक्त पाव फेरा फिरवा आणि काढा. प्रत्येक रेघ मध्ये पुसली गेली असेल तर काम झालं. एका बाजूच्या पाच-सहा रेघा जशाच्या तशा राहिल्या असतील, तर तिथे व्हॉल्व्ह टेकतच नाही, पुन्हा घासा किंवा लेथकडे जा.

मग धुणं. पेस्टचा एक कण गाइडमध्ये किंवा तेलात राहिला तर तो नवं इंजिन खातो. रॉकेल किंवा डिझेलने, नंतर साबणाच्या गरम पाण्याने, मग हवा मारून लगेच तेलाचा हात.

नवे सील प्रत्येक वेळी घाला, जुने कितीही चांगले दिसोत. स्प्रिंगची खालची वॉशर आधी, मग सील, तेल लावून हाताच्या दाबाने. स्प्रिंगचे वेटोळे जिथे दाट आहेत ते टोक हेडकडे. सगळं बसल्यावर प्लग लावून हेड उलटं ठेवा आणि तिन्ही चेंबरमध्ये डिझेल भरा. पंधरा मिनिटांनी इनटेक आणि एक्झॉस्टच्या भोकांत बोट घालून बघा. कोरडं असेल तर पुढे जा. ओल लागली तर कॉटर पुन्हा काढायचे, कंटाळा करायचा नाही.

नववी पायरी: परत बसवणं

ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग आणि बोल्टची भोकं साफ करा. भोकात तेल किंवा पाणी साठलेलं असेल तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. नवं गॅस्केट, बाजू बघून. बोल्ट मधल्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत. टायमिंग बेल्ट जुना असेल तर याच वेळी नवा टाका. खुणा जुळवल्यावर स्टार्टर लगेच मारू नका. प्लग काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्ये कुठे घट्ट अडकलं तर जोर न लावता थांबा आणि टायमिंग पुन्हा बघा. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा तंतोतंत जुळायला हव्यात.

टॅपेट थंडवर लावा, तेल आणि फिल्टर बदला, कूलंट भरून हवा निघेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून चालवा. पहिल्या दिवशी लांब जाऊ नका, खाली ठिबकतंय का आणि टेंपरेचरचा काटा कुठे राहतो हे बघा.

हजारेक किलोमीटर झाल्यावर, पुन्हा सकाळी थंडवर, सहाही गॅप मोजून वहीत आधीच्या आकड्यांच्या शेजारी लिहा, आणि इंजिन गरम करून कॉम्प्रेशनही घ्या. नवं काम थोडं बसतं, तेव्हा गॅपमध्ये एखाद्या थाऊचा फरक चालतो, तो लावून टाका. पण त्यानंतर प्रत्येक तपासणीला एकच एक्झॉस्ट टाइट होत गेलेला दिसला, तर तो व्हॉल्व्ह सीटमध्ये उतरतो आहे. गाडी गॅसवर असेल तर आधी किटचं मिश्रण तपासून घ्या, नाहीतर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जाईल.